चारशे वीस

बेड नंबर सात. दिगंबर सोनसुरकर, वय सत्तावन्न,
महापालिकेच्या पंपिंग स्टेशनवर ऑपरेटर, वरळी.
निमोनिया, दोन्ही बाजूंना. नळी टाकून आज नववा दिवस.
डॉक्टर बेहरामनी श्वासाचं माप लावलंय: चारशे वीस मिली.
त्याच्या वर नाही.
सुजलेलं फुफ्फुस ताणलं तर फाटतं,
हे नव्या मुलींना मी दर रात्री सांगते.
माया करायची, पण सोसेल तेवढीच.

संध्याकाळी भेटीच्या वेळेत कुंदाबाईंनी स्क्रीनवरचा आकडा वाचला.
"चारशे वीस? अहो सिस्टर,
यांनी उभ्या जन्मात चारशेविशी केली नाही.
डिझेलचा हिशोबसुद्धा वहीत, पैशापैशाचा."
मास्कच्या आत हसल्या. मग बराच वेळ
मास्क नुसता आत-बाहेर होत राहिला.

रात्रीची कामं लहान असतात.
उशाकडची बाजू तीस अंश वर,
पलंगाच्या कडेला मी मार्करने रेघ मारून ठेवलीय,
ती पुसायची नाही.
तोंड धुवायचं, जीभ, गालांच्या आतली बाजू.
नळीभोवतीचा फुगा दाबून बघायचा, पंचवीस.
सक्शन: हिरवट, चिकट, आज कालच्यापेक्षा पातळ
(हे लिहिताना पेन दोनदा थांबलं).
आणि नळीच्या खोलगट वळणात साचलेलं पाणी
उलटं त्यांच्याकडे वाहू द्यायचं नाही.

कल्चरचा रिपोर्ट मंगळवारी आला.
जंतूला लांबलचक नाव, आणि पुढे औषधांची रांग,
प्रत्येकासमोर आर, आर, आर. दाद देत नाही.
एक उरलं. ते मूत्रपिंडाला खातं.
म्हणून दर तासाला लघवी मोजते,
किराणावाला तेल मोजतो तशी, डोळ्यांच्या रेषेत धरून.

परवा पालथं केलं. पाच माणसं लागतात.
डोक्याशी मी, नळी माझ्या मुठीत,
पायांशी कांबळे मामा, ज्यांचा आवाज सगळ्यांत शांत:
एक. दोन. तीन.
सोळा तास तसेच. चेहरा सुजला, ओळखू येईना.
कुंदाबाई काचेपलीकडून म्हणाल्या, "हे आमचे नव्हेत,"
आणि तरी तिथेच उभ्या राहिल्या.

आज पहाटे गुंगीचं औषध थांबवलं.
"सोनसुरकर, डोळे उघडा. दोन बोटं वर करा."
बोटं नाहीत. उजवं मनगट मात्र फिरू लागलं,
गोल, सावकाश, पुन्हा गोल.
नळी ओढतील म्हणून रेश्माने हात पट्टीने बांधला.
बांधलेला हातही फिरत राहिला,
जेवढी जागा होती तेवढ्यात.

मी बाहेर गेले. जिन्याच्या पायरीवर कुंदाबाई,
मांडीवर पिशवी, पिशवीत त्यांची चष्म्याची डबी.
हाताने करून दाखवलं. असं असं करतायत.
त्या एकदम उठल्या.
"गेट! चाक फिरवतायत. भरतीला समुद्राकडचं गेट
पाडायचं असतं, नाही तर पाणी शहरात येतं.
तीस वर्षं. झोपेतसुद्धा माझ्या दंडावर फिरवायचे."

भरतीची वेळ होती का, मी बघितलं नाही.
बघायला कोण बसलंय, आठ नंबरचा अलार्म वाजत होता.
परत येऊन पट्टी सोडली.
माझी दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली.
जरा वेळ चाक माझ्यावर फिरलं.
मग थांबलं.

सहा वाजून चाळीस मिनिटांनी
मशीनने श्वास देण्याआधी
रेषेवर एक छोटीशी खाच पडली.
दोनशे दहा मिली, फार तर.
पुढचा श्वास पुन्हा मशीनचा. त्याच्या पुढचाही.
चार्टवर तसा रकाना नाही,
तरी समासात लिहून ठेवलं:
स्वतः, एक.